मातांनी साडीत यावे

हिंगोली
२० जुलै २०२५

बाई,

वर नमस्कार लिहायला हवा होता. पण वास्तुशांतीच्या दिवशी मी पाया पडायला वाकलो तेव्हा तू पाय मागे घेतलेस, म्हणून तो राहू दे. थोरल्या बहिणीला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. तुझा फोन लागत नाही. वंदनाच्या फोनवरून लावला तर वाजतो, म्हणजे माझाच नंबर तू बंद करून ठेवलायस एवढं मास्तरलाही कळतं. पत्राचं एक बरं असतं, फाडायच्या आधी माणूस एकदा तरी वाचतो.

नाशिकच्या दवाखान्यात तुझी रात्रपाळी अजून चालूच आहे का? जेवणाची आबाळ करू नकोस.

इकडे सगळं ठीक. नवीन घर चांगलं हवेशीर आहे. अथर्व पहिलीत गेला. याडी आमच्याजवळच आहे, त्याला शाळेत सोडते आणि आणते. आता तो तिला आजी म्हणतो. याडी म्हणजे आई हे वर्गातल्या पोरांना कळत नाही, ती हसतात. आजी हे त्याचं त्यानंच उचललं, आम्ही काही शिकवलं नाही.

त्या दिवशीचं एकदा सांगून टाकतो. याडीनं साडी नेसली ती स्वतःच्या हौसेनं. शाळेतली मंडळी येणार, शेजारी येणार, तिलाही वाटलं असेल एकदा नेसून बघावी. तू दारातून आत आलीस, तिला बघितलंस, आणि भरल्या घरातून पाणीही न पिता बसस्टँड गाठलंस. एका शब्दानं विचारलं नाहीस. सगळा जन्म फेट्या-कांचळीच्या घागरा-चोळीत गेलेल्या बाईनं एक दिवस साडी नेसली तर एवढं काय आभाळ कोसळलं?

असो. भांडायला लिहायला बसलो नव्हतो.

यंदा शाळेत मी कृतिसंशोधन घेतलंय. म्हणजे आपल्याच वर्गातली एखादी अडचण निवडायची, तिच्यावर उपाय करून बघायचे, आणि जे झालं ते लिहून डिसेंबरात इथल्या प्रशिक्षण संस्थेत सगळ्यांसमोर मांडायचं. माझा विषय असा आहे: नववीच्या विद्यार्थ्यांना नियमित गणवेश घालायला प्रवृत्त कसं करावं. औंढ्याच्या रस्त्यावरची आमची शाळा तू पाहिली नाहीस. सोमवारी सकाळी प्रार्थनेला बघितलंस तर आठवडी बाजार भरल्यासारखं वाटेल. कुणी लाल टीशर्टात, कुणी मामाच्या लग्नातल्या शेरवानीच्या पायजम्यात. आमचे मुख्याध्यापक शेषराव सर म्हणाले, गणिताचा विषय घ्या हो, गणवेशानं काय वर्गमूळ निघतंय का? पण मला हाच विषय मनापासून पटला.

का ते तुला कळेल. आपण तांड्यावरून गावातल्या शाळेत चालत जायचो, आठवतं? गणवेश अंगावर असला की कोण कुठलं ते कुणाला कळायचं नाही. मला तो फार आवडायचा. तू मात्र म्हणायचीस, कळलं तर कळू दे की.

मारायचं नाही, दंड करायचा नाही, फक्त प्रवृत्त करायचं. हे सगळं मी पानभर लिहिलंय. वाचायला पाठवू का?

तुझा,
संतोष


हिंगोली
२४ ऑगस्ट २०२५

बाई,

तुझं उत्तर नाही. पाकीट परत आलं नाही, एवढ्यावर समाधान मानतो.

याडी तीजेला तांड्यावर गेली. पोरींनी टोपल्यांत गहू पेरले, रोज गाणी झाली, सगळं नेहमीसारखं. तीज होऊन आठवडा झाला तरी ती परत आली नाही. बाच्या जेवणाचे हाल होतात म्हणते. बा इतके दिवस स्वतःच्या हातानं भाकरी थापून खातच होता, पण आता तिला त्याची काळजी लागली. अथर्वला शाळेत सोडायला मग रिक्षा लावली.

तुझ्या माहितीसाठी सांगतो, जाताना तिनं दुसरं काही नेलं नाही, पण ती साडी नीट घडी करून पिशवीत घातली. मी डोळ्यांनी बघितलं. नावडती असती तर नेली असती का? ब्लाऊजही नेला. शिंप्यानं एप्रिलात माप घेतलं तेव्हा तो हसला होता, एवढ्या उन्हाळ्यात पूर्ण बाह्या कशाला म्हणून. तिचा दंडापर्यंतचा पांढरा चुडा काढायचा नव्हता, बा हयात आहे, तो काढायचा नसतोच. मग बाहीच लांब केली. शिंप्यानं काम चांगलं केलं.

माझे उपाय जोरात चाललेत. पहिला उपाय म्हणजे वर्गाच्या दाराशी उभा आरसा. पोरांनी आत येताना स्वतःला बघायचं आणि काय कमी आहे ते स्वतःच ओळखायचं. पोरी खूश आहेत, पोरं भांग पाडतात. दुसरा उपाय चर्चेचा, तो काही फारसा चालला नाही. मग तिसरा मला सुचला, आणि बाई, तो खरोखर नामी आहे. जो विद्यार्थी महिनाभर पूर्ण गणवेशात येईल, त्याच्या आईचा शाळेत सत्कार करायचा. पोराला बक्षीस दिलं तर तो खाऊन टाकतो. आईला खुर्चीवर बसवून फूल दिलं की आईच रोज सकाळी गणवेश हातात देते. पहिल्या सत्काराला वर्गातल्या आकांक्षाची आई आली, शाळेच्या गावात अंगणवाडी चालवते. माईकवर दोन शब्दही बोलली. त्या दिवसानंतर नववीचा वर्ग ओळखू येईनासा झाला.

निमंत्रणाचा कागद मी स्वतः लिहिला. शेषराव सरांनी थोडा बदलायला सांगितला होता, पण माझी भाषा त्यांच्यापेक्षा बरी आहे हे तेही मानतात.

याडीशी तू फोनवर बोलतेस हे मला माहीत आहे. ती काय म्हणते?

संतोष


हिंगोली
५ ऑक्टोबर २०२५

बाई,

तुझं कार्ड मिळालं. पत्ता सोडला तर त्यावर तीनच शब्द. साडी कुणी आणली?

पोस्टमननं ते शाळेतच दिलं. कार्ड उघडं असतं, त्यामुळे शेषराव सरांनीही वाचलं आणि काही विचारलं नाही. मी ते खिशात घालून दिवसभर शिकवत राहिलो.

मी आणली. निळी, बारीक काठाची, तुला दिसली तीच. शिंप्याला घरी मी बोलावलं. मागच्या पत्रात एप्रिल लिहून बसलो, म्हणजे माप वास्तुशांतीच्या आधीच झालेलं, तेव्हाच तू ओळखलं असशील. वंदनाचा त्यात काही हात नाही. ती उलट म्हणाली होती, आईंना राहू द्या की त्यांच्या कपड्यांत, मला काही अडचण नाही. अथर्वला आजी म्हणायलाही मीच शिकवलं.

आदल्या दिवशी याडी अंगणात बसून घुगऱ्या घासत होती. कानाशी लोंबणाऱ्या चांदीच्या त्या घुगऱ्या, लहानपणी आपण झोपेत धरून ठेवायचो त्याच. मी तिला म्हणालो, उद्या शाळेतले साहेब लोक येणार आहेत. तिला वाटलं, मी स्वयंपाकाचं सांगतोय. मग मी साडीची पिशवी पुढे केली. माप घेतलं तेव्हा ती कधी नेसायची ते मी तिला सांगितलं नव्हतं. तिनं पिशवीत बघितलं, मग माझ्याकडे. रागावली नाही. म्हणाली, "मी मागल्या खोलीत बसते ना. कुणाला दिसायची न्हाई."

तिथं तरी मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, साडी नेसलीस तर पुढे बसता येईल.

हे तिनं तुला सांगितलं नसणार, ती सांगायची नाही. म्हणून मी सांगतोय. हे आपल्या बोलीत झालेलं बोलणं मी मराठीत लिहिलंय. आपली बोली कागदावर कशी मांडायची ते मला येत नाही आणि कधी शिकावंसंही वाटलं नाही, तेही यातच धर.

साहेब लोकांचं म्हणशील तर ते आले, जेवले, घराच्या फरशीचं कौतुक करून गेले. याडीकडे कुणी धड बघितलंही नाही.

आता आणखी काय लिहू? शाळेचं लिहितो, ते सोपं आहे. प्रयोगाचे आकडे छान येतायत. आपल्या तांड्यातल्या भावसिंगची पुजा माझ्या वर्गात आहे, वास्तुशांतीला पाणी वाढायला आली होती ती. तेवढी एकच पोरगी उलटी चालली आहे. आधी तिचा गणवेश कधी चुकायचा नाही. सत्कार सुरू झाल्यापासून महिना संपत आला की एखाद्या दिवशी ओढणीच नसते, नाहीतर भलताच ड्रेस घालून येते. गरिबी म्हणावी तर दोन जोड आहेत. मी तिची वेगळी नोंद केली, एका विद्यार्थिनीचा नकारात्मक प्रतिसाद अशी. परवा तिला जरा समजावलं. बाकी ठीक.

संतोष


हिंगोली
१६ नोव्हेंबर २०२५

बाई,

दिवाळीला तू तांड्यावर येऊन गेलीस असं वंदनाला कळलं. आम्ही तेव्हा वंदनाच्या माहेरी होतो. तू आम्ही नसतानाचा दिवस बरोबर निवडलास. मी तक्रार करत नाही.

मागच्या पत्रात लिहिलं की पुजाला समजावलं. तसं नव्हतं. ती विनाओढणीची आली तेव्हा मी तिला दाराशीच थांबवलं आणि आरशासमोर उभं केलं. सगळा वर्ग बसलेला होता. विचारलं, बघ आणि सांग, काय कमी आहे? मी हसत हसत पुन्हा विचारलं. माझा आवाज गोड होता, बाई, प्रवृत्त करणाराच होता. ती म्हणाली, ओढणी. मी म्हणालो, मोठ्यानं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ दे. पोरं हसली, मीही हसलो. संशोधनात याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मी ते त्यात लिहिलं नाही.

दिवाळीची सुटी संपली आणि पुजा शाळेत आलीच नाही. एक आठवडा गेला, दुसरा निम्मा गेला. शेषराव सर म्हणाले, तुमच्या तांड्याची पोरगी आहे, तुम्हीच जाऊन या, नववीत सुटलेली पोरगी पुन्हा येत नाही. शुक्रवारी शाळा सुटल्यावर गेलो.

भावसिंग रानात होता. त्याच्या बायकोनं, मथुराबाईनं, बाज झटकून दिली. फेट्या, कांचळी, डोईवरून ओढलेली आरशांची टुकरी, हातभर चुडा, पाणी आणायला आत गेली तरी ती कुठं आहे ते आवाजावरून कळत होतं. सर घरी आले म्हणून तिला कोण आनंद झाला. खुंटीला गणवेश टांगलेला, इस्त्री केलेला. मथुराबाई म्हणाली, रोज धुते, रोज इस्त्री करते आणि जायची वेळ झाली की पोट दुखतंय म्हणते. दवाखान्यात न्यायचं का? मी म्हणालो, मी विचारतो तिला. ती चहा ठेवायला चुलीकडे गेली.

पुजा भिंतीला टेकून उभी. शाळेत मला सर म्हणते, तिथं काका म्हणाली.

"काका, मी महिनाभर बराबर गणवेश घातला तर मायला स्टेजवर बोलवतेत ना?"

मी म्हणालो, हो, तो मान असतो.

"तुमच्या कागदावर लिहिलंय, मातांनी साडीत यावे. मायकडं साडी न्हाई. असली तरी ती नेसायची न्हाई. म्हून एखाद्या दिशी मी ओढणी घरी ठेवते. मंग तिचं नावच येत न्हाई."

मी विचारलं, आईला हे माहीत आहे का? तिनं मान हलवली. सांगितलं तर माय हौसेनं येईल, म्हणाली, आणि आहे तशीच येईल. मग पोरी हसतील.

तशीच आली तर काय बिघडलं, असं मी मास्तरकीच्या आवाजात विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच कळत नव्हतं की मी हे काहून विचारतोय.

"तुमी तरी आजीला साडी नेसवलीच की, पाव्हणे येणार म्हून. मी होते ना तिथं. मला वाटलं, शिकल्यावर तसंच करायचं असतंय."

चहा आला. मी तो प्यालो. मथुराबाई विचारत होती, पोरीचं काय चुकलं का, सर? मी म्हणालो, नाही, हुशार आहे. खरं तर तिथल्या तिथं पोरीची माफी मागायला हवी होती, मथुराबाईला सगळं सांगायला हवं होतं. मी फक्त म्हणालो, सोमवारपासून ये, कुणी काही म्हणणार नाही.

ते वाक्य माझंच आहे, बाई. शेषराव सरांनी बदलायला सांगितलेलं तेच. 'स्वच्छ पोशाखात यावे' असं करा म्हणाले होते. त्यांना तांड्यातलं काही माहीत नाही, तरी त्यांना सुचलं. मी 'साडीत' ठेवलं. तो कागद लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कुठली आई नको होती, हे मला आता नीट कळतंय. पोरीनं माझ्या एका वाक्यापायी स्वतःचा गणवेश बिघडवला, आईला वाचवायला. आणि मी तिला नकारात्मक प्रतिसाद म्हटलं.

परत निघालो तेव्हा आपलं घर चार उंबऱ्यांवर होतं. गेलो नाही. अंगणात दोरीवर एक साडी वाळत होती, म्हटलं कुणी पाहुणी आलेली दिसते, लोकांसमोर काय बोलणार. हे आपलं मीच मला सांगितलेलं कारण. गाडीला किक मारली आणि हिंगोली गाठली.

पुजा सोमवारी येते की नाही ते उद्या कळेल. नाही आली तर ते माझ्यामुळे, एवढं तुला आजच लिहून ठेवतो.

संतोष


हिंगोली
१४ डिसेंबर २०२५

बाई,

पुजा येते. रोज येते, पूर्ण गणवेशात. माझ्याकडे बघत नाही, पण येते.

आमचं सादरीकरण झालं. मी निळा कोट घातला होता. पडद्यावर तक्ते दाखवले, आरशाचा फोटो दाखवला, सत्काराला बसलेल्या मातांचा फोटो दाखवला. सगळ्या साडीत. लोकांना विषय आवडला. शेवटी एक मॅडम उभ्या राहिल्या. पांढऱ्या केसांच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, तुमच्या नोंदीत एका मुलीचा प्रतिसाद उलटा आहे, त्याचं कारण शोधलंत का?

कारण माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, आर्थिक परिस्थिती.

सगळ्यांनी माना हलवल्या. आर्थिक म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. टाळ्या झाल्या, प्रमाणपत्र मिळालं, चहाच्या वेळी दोघातिघांनी हात मिळवला. एकानं विचारलं, सर, तुम्ही मूळचे कुठले? मी म्हणालो, औंढ्याकडचा. गावाचं नाव सांगता आलं असतं. तांड्याचंही.

घरी आलो तर अथर्वनं प्रमाणपत्र हातात घेऊन एकेक अक्षर लावत वाचलं आणि विचारलं, बाबा, हे आजीला दाखवायचं का? वंदनानं त्याला आत नेलं.

बाई, मला स्वतःची लाज वाटते. अशी सरळ कधी लिहिली नव्हती. लहानपणी वाटायची ती वेगळी. ती तांड्याची वाटायची, याडीच्या कपड्यांची, बाच्या बोलण्याची, आणि ती मी चांगली धुऊन इस्त्री करून पोरांना वाटली. आता वाटते ती फक्त माझी आहे. दुसऱ्या कुणाच्या अंगावर घालता येत नाही.

पुजाचा महिना पूर्ण होईल असं दिसतंय. म्हणजे सत्काराला मथुराबाईचं नाव येणार. पोरगी या वेळी ओढणी विसरत नाही. मी बोललेलं तिनं खरं धरलंय की मला बघतेय, ते कळत नाही.

संतोष


हिंगोली
४ जानेवारी २०२६

बाई,

हे पत्र पुरं वाच. मग हवं तर आधीच्या सगळ्यांसकट फाडून टाक.

सत्काराच्या आधी मी तीन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे निमंत्रणाचा कागद बदलला. शेषराव सर म्हणाले, एका ओळीसाठी सगळे कागद पुन्हा काढायचे का? मी म्हणालो, व्हय. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून व्हय पहिल्यांदाच निघालं, त्यांनी चष्म्यावरून बघितलं. दुसरी, वर्गात उभा राहून सांगितलं की पुजाला आरशासमोर उभं केलं ती माझी चूक होती, तिची काही नव्हती. पोरं खाली बघत राहिली. पुजा वहीत काहीतरी लिहीत होती, लिहीतच राहिली. तिसरी, त्या मॅडमना पत्र पाठवलं की मी सांगितलेलं कारण खोटं होतं, आणि खरं काय ते लिहिलं. त्यांचं उत्तर आलेलं नाही.

मग रविवारी तांड्यावर गेलो. या वेळी आधी आपल्या घरी. बा रानात होता, याडी मागं भांडी घासत होती. मी ओट्यावरूनच म्हणालो, याडी, शाळेत सत्कार आहे, बायांना फुलं द्यायला तू ये. आणि तुझ्या कपड्यांत ये. फेट्या, कांचळी, टुकरी, घुगऱ्या, सगळं घालून ये. मी चुकलो होतो.

ती मागूनच म्हणाली, येते की. तेवढंच. मला वाटलं, सुटलो.

काल सत्कार झाला. मथुराबाई पहिल्या जीपनं आली, सगळ्या नटण्यासकट. वर्गाच्या दारातला आरसा मी काढून टाकणार होतो, राहून गेला होता. ती त्याच्यासमोर थांबली, टुकरी सारखी केली, स्वतःलाच बघून हसली आणि आत गेली. मागच्या बाकावर दोन पोरी खुसुखुसु हसल्या. आकांक्षानं वळून बघितलं तशा गप्प झाल्या. पुजाची मान खाली होती. मथुराबाईचं नाव पुकारलं, ती चुडा वाजवत पुढे आली आणि माईकवर म्हणाली, "मला बोलता येत न्हाई, पण माझी पोरगी रोज इस्त्री करती." सगळी शाळा हसली, पण ते हसणं वेगळं होतं. पुजानं तेव्हा मान वर केली.

फूल कुणी दिलं ते सांगायचं राहिलं. याडीनं दिलं.

याडी दुसऱ्या जीपनं आली. निळी साडी, पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज. घुगऱ्या नाहीत. केस तेल लावून मागं बांधलेले, कानाजवळ त्या जिथं लोंबायच्या तिथली कातडी पांढरी पडलेली दिसत होती. मी धावत गेलो. याडी, मी सांगितलं होतं ना, तुझे कपडे घालून ये म्हणून?

ती म्हणाली, "तू लाजंनं म्हणलास ते मला कळलं. तुझ्या शाळंत तुला खाली बघायला लावू का मी?"

मग तिथंच मथुराबाईकडून कळलं. तीजेला तांड्यावर आल्यापासून याडी साडीच नेसते. रानात जाताना, पाण्याला जाताना, तीजेतही. पोरींनी गाणं म्हणायला ओढलं तरी ती साडीतच उभी होती. बाजारातून आणखी एक आणली. फेट्या-कांचळी पेटीत घालून ठेवली, बानं विचारलं तर म्हणाली, लेकराला बरं दिसतं. दिवाळीत तू आलीस तेव्हा मात्र तिनं पेटी उघडली होती, तू गेल्यावर परत बंद केली. अंगणात दोरीवर वाळत होती ती पाहुणीची साडी नव्हती, बाई.

सहा महिने मी पोरांवर उपाय करत होतो. आरसा, चर्चा, सत्कार. कुणी महिनाभर टिकलं, कुणी आठवडाभर. एकच माणूस असं निघालं की ज्याला मी एकदाच सांगितलं आणि ज्यानं, तू आलीस तेवढं सोडलं तर, एक दिवसही चुकवलं नाही.

कार्यक्रम झाल्यावर तिला गाडीवर बसवून तांड्यावर सोडायला गेलो. रस्त्यात दोनदा म्हणालो, उद्यापासून नेसू नको. ती म्हणाली, आता सवय झाली रं. घराशी उतरली, पदर सारखा केला, बाही ओढून चुडा झाकला, आणि शाळेत जायच्या आधी अथर्व विचारतो तसं विचारलं, "आता बराबर दिसती ना मी?"

मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. जे काही दिलं ते तिला पटलं नाही.

माझं ती आता ऐकणार नाही, कारण तिनं माझं फार ऐकलंय. तू होळीला ये. आधी कळव, म्हणजे मी त्या दिवशी तांड्यावर येणार नाही, हिंगोलीतच थांबेन. तू आलीस की ती पेटी उघडते. या वेळी पेटीला कुलूप लावून किल्ली तुझ्याबरोबर नाशिकला घेऊन जा. फक्त साड्या आत राहू देत.

संतोष